हॉलची किल्ली आणि तिची सवत

मी किल्ली बोलतेय. चर्चच्या हॉलची, पितळी, नॉर्माच्या तळहाताएवढी. हरवू नये म्हणून माझ्या कानात दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ अडकवलेलं आहे. दिसायला मी बरी आहे, स्वभावाने मात्र जळकी, आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नाही. आयुष्यभर एकाच घरात, एकाच खिळ्यावर मान मिळाला की दुसरं कुणी आलेलं खपत नाही. माणसांचं तरी काय वेगळं असतं?

नॉर्माचा नवरा कीथ सुतार. नदीकाठच्या या द्राक्षांच्या गावात सगळ्यांनी मिळून चर्चशेजारी हॉल उभा केला, तेव्हा दार कीथने बसवलं. कुलूप मेलबर्नहून मागवलं, आणि कुलपाबरोबर मी आले. कुलूप म्हणजे माझा जोडीदार. त्याच्या पोटात शिरून एक गिरकी घेतली की 'खट्' असा आवाज यायचा आणि अख्खं गाव आत येऊ शकायचं. कीथने मला नॉर्माच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "सांभाळ हिला. ही हरवली तर लग्नं रस्त्यावर लावावी लागतील."

नॉर्माचं घर हॉलच्या अगदी समोर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलचं दार दिसतं. त्या खिडकीशेजारी, चहाच्या किटलीच्या वर, माझा खिळा. ज्याला हॉल हवा त्याने नॉर्माकडे यायचं आणि चहा पिऊन मला घेऊन जायचं, असा शिरस्ता होता. चहाशिवाय मी कुणाला मिळाले नाही. "किती जण येणार? कपबश्या धुणार कोण? खुर्च्या ओढायच्या नाहीत, उचलायच्या," एवढं बजावून झालं की नॉर्मा मला खिळ्यावरून काढायची.

एकदा बागकाम मंडळ आणि एका लग्नाचे वऱ्हाडी, दोघंही एकाच शनिवारसाठी दारात उभे राहिले. नॉर्माने दोघांना टेबलाशी बसवलं, मला मधोमध बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं आणि टोमॅटोंवरच्या किडीबद्दल बोलत बसली. हॉलचं नावही काढलं नाही. तिसऱ्या कपाला बागकामवाल्या बाईच म्हणाल्या, "आमचं काय, आम्ही झाडाखालीही बसू." अशी सगळी भांडणं त्या टेबलावर मिटायची, आणि मिटेपर्यंत सगळ्यांचे डोळे माझ्यावर. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मध्ये एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि माझी एक नक्कल घडवून आणली. पांढरीफटक, हलकी, दात नवे कोरे. माझ्या शेजारच्या खिळ्यावर तिला टांगली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बया कुणाच्या तरी खिशातून मासे पकडताना नदीत पडली. गाव हळहळलं. मी नाही.

मग पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून लोक आले. द्राक्षं तोडायला, बदाम गोळा करायला, आणि बघता बघता इथलेच होऊन गेले. दर रविवारी दुपारी त्यांची उपासना आमच्याच चर्चमध्ये व्हायची आणि जेवणावळ हॉलमध्ये. त्यांच्या वतीने मला न्यायला यायची ती ओफा. द्राक्षं भरायच्या शेडमध्ये काम करणारी, रुंद खांद्यांची, गात्या गळ्याची बाई. पहिल्यांदा आली तेव्हा किल्लीच्या बदल्यात डुकराची भाजलेली अख्खी तंगडी घेऊन आली. नॉर्मा म्हणाली, "अगं, मी एकटी बाई, हे कधी संपवू?" ओफा म्हणाली, "एकट्या का? मी आईला आणलंय."

ही आई म्हणजे फिनाऊ. तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि नॉर्माला टोंगनचा. तरी ओफा मला घेऊन हॉल झाडायला गेली की या दोन म्हाताऱ्या व्हरांड्यात बसून घेवडा सोलायच्या. एक आपल्या भाषेत काहीतरी म्हणायची, दुसरी आपल्या भाषेत हुंकार द्यायची, आणि मध्येच दोघी हसायच्या. कशाला हसायच्या देव जाणे. ओफाला मला परत करायला दोन-दोन दिवस उशीर व्हायचा, नॉर्मा तणतणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच व्हरांडा. एकूण माझं बरं चाललं होतं.

आणि मग सवत आली.

तिला आणली कर्स्टनने. कर्स्टन म्हणजे आमची नवी पाद्रीबाई, तीन गावांची चर्चं एकटीच्या गळ्यात पडलेली, निम्मं आयुष्य मोटारीत. तिच्यावर मनापासून रागावताही येत नाही, हेच माझं दुखणं. एकाच छताखाली तिची तीन बिऱ्हाडं नांदायची. सकाळची इंग्रजी मंडळी, म्हणजे नॉर्मा आणि तिच्या वयाची पांढरी डोकी. दुपारची टोंगन मंडळी, लेकुरवाळी आणि दणदणीत. आणि शनिवारी सकाळी मुलींचा नाचाचा वर्ग. कुणाचं काय कधी आहे हे विचारायला कर्स्टनने दर वेळी नॉर्माला फोन करायचा, आणि नॉर्मा बागेत असली की फोन वाजत राहायचा.

"आता सगळं ऑनलाइन कॅलेंडरवर," कर्स्टनने जाहीर केलं. फोनमध्ये चौकटींचं एक पान. ज्याला हॉल हवा त्याने आपल्या रंगाने चौकट भरायची. इंग्रजी मंडळी हिरवी, टोंगन लाल, नाच जांभळा. दोन आठवडे आधी भरायची, म्हणजे कुणाची धांदल नको. भरली की दार उघडायचे आकडे आपोआप फोनवर येणार. लोक तिला कॅलेंडर म्हणोत, माझ्या लेखी ती बाईच, आणि बाई म्हणजे सवत.

एके दिवशी एक माणूस हत्यारांची पेटी घेऊन आला. त्याने माझं कुलूप उचकटून बादलीत टाकलं आणि तिथे आकड्यांची काळी पट्टी बसवली. मी खिळ्यावरून, खिडकीतून, सगळं बघत होते. नॉर्माही बघत होती. मग तिने मला काढलं आणि आपल्या बटणांच्या करड्या स्वेटरच्या खिशात टाकलं. त्या दिवसापासून मी त्या खिशातच असते. मी कशालाच लागत नव्हते, आणि तिलाही कुणी बोलावत नव्हतं.

मी त्या सवतीवर किती जळले म्हणून सांगू! तिला अंग नाही, वजन नाही. तिला तेल घालावं लागत नाही. ती एकाच वेळी सगळ्यांच्या हातात असते आणि तरी तिला कुणी बाहेरख्याली म्हणत नाही. मी एका खिळ्याला जन्म वाहिला, आणि लोक म्हणतात, "बाई, किती सोयीचं झालं!" सगळ्यांत जास्त नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या याच्या, की ती खरंच सोयीची होती.

नॉर्माचं दार वाजेनासं झालं. किटली पूर्वीसारखीच भरून ठेवायची, आणि एकच कप ओतायची. खिडकीतून लोक हॉलमध्ये शिरताना दिसायचे, हात हलवायचे, कुणाला रस्ता ओलांडायचं कारण उरलं नव्हतं. ओफाही आकडे दाबून परस्पर आत जायची. फिनाऊ येईनाशी झाली. नॉर्मा खिशात हात घालून माझं रीळ बोटांनी फिरवत राहायची.

एक शुक्रवार तेवढा नॉर्माचा होता. शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये लांब हिरवा गालिचा अंथरायचा आणि त्यावर लाकडी गोळे घरंगळवायचे. ज्याचा गोळा पांढऱ्या गोळीजवळ थांबेल त्याची बाजी. कीथ होता तेव्हापासूनचा खेळ. खेळणारे थोडेच उरले होते, पण आठवड्यात नॉर्मा ओठांना रंग लावायची ती त्याच संध्याकाळी.

तिने ती चौकट कधी भरलीच नाही. आणि एका सोमवारी कर्स्टनचा फोन आला.

"नॉर्मा, शुक्रवार संध्याकाळ लाल आहे."

"कुठला शुक्रवार?"

"सगळेच. ख्रिसमसपर्यंत. शनिवार सकाळपर्यंत अख्खी रात्र घेतलीय. नाव फक्त 'फिनाऊ' एवढंच आहे."

"शुक्रवार माझा आहे, कर्स्टन."

"हो, पण तुम्ही भरला नाहीत."

"जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते भरायचं कशाला? उद्या म्हणशील, श्वास घ्यायचाय तर चौकट भरा."

कर्स्टन बिचारी म्हणाली, "मी ओफाशी बोलू का?" नॉर्मा म्हणाली, "नको. भीक मागून खेळायची वेळ आलेली नाही माझ्यावर." आणि फोन आपटला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या, तुमची सोयीची बाई! पहिल्याच वर्षी घरं फोडली.

खरा भडका पुढेच उडाला. शुक्रवारी नॉर्मा खिडकीशी उभी राहिली तर हॉल रिकामा. दिवा नाही, गाणं नाही, चिटपाखरू नाही. पुढच्या शुक्रवारीही तेच. "घेऊन ठेवायचं आणि वापरायचंही नाही," नॉर्मा किटलीला म्हणाली. "कुत्रं गवतावर बसलंय. स्वतः खात नाही, गायीलाही खाऊ देत नाही." तिसऱ्या शुक्रवारी तिने ओठांना रंग लावला, मला खिशात दाबलं आणि तरातरा ओफाच्या घरी निघाली.

ओफाचं घर मागच्या गल्लीत. व्हरांड्यात फिनाऊ चाकांच्या खुर्चीत बसली होती. मी खिशाच्या काठावरून पाहिलं आणि ओळखलंच नाही. ही धिप्पाड बाई, आणि आता खुर्चीत नुसती पांघरुणाची घडी ठेवल्यासारखी. मांडीवर मात्र घेवड्याचं भांडं होतं.

"ओफा!" नॉर्मा पायरीवरूनच कडाडली. "शुक्रवारी काय करता तुम्ही हॉलमध्ये? मी दर शुक्रवारी बघते. काही नाही करत. मग माझा शुक्रवार का अडवलास?"

ओफा आतून हात पुसत आली. तिचा चेहरा पडला. "आंटी, जरा हळू. आई समोर बसलीय."

"तिला कुठे इंग्रजी कळतं?"

"ओरडणं कळतं."

फिनाऊने भांड्यातून मान वर केली, नॉर्माला पाहून तोंडभर हसली आणि काहीतरी बोलली. ओफाने सांगितलं, "ती म्हणतेय, इतके दिवस कुठे होतीस? मी म्हटलं ही मेली की काय."

"मी कुठे होते? मी घरीच होते! तुम्ही यायचं बंद केलंत!"

ओफा नॉर्माला दंडाला धरून अंगणात घेऊन गेली आणि खालच्या आवाजात बोलू लागली.

"डॉक्टर म्हणाले, आई ख्रिसमस बघणार नाही. कधीही होईल. आमच्यात माणूस गेलं की दफनाच्या आदल्या रात्री सगळे त्याच्यापाशी बसतात, सकाळपर्यंत गातात. घरात मावत नाहीत तेवढे लोक, हॉलच लागतो. आणि दफन शनिवारी, म्हणजे शेतावरच्यांना येता येतं. म्हणजे रात्र शुक्रवारची."

"मग गेल्यावर घ्यायचा ना हॉल!"

"दोन आठवडे आधी भरावा लागतो, आंटी. मरण दोन आठवडे आधी कळवत नाही. पूर्वी मी तुमच्याकडे आले असते, तुम्ही चहा पाजला असता आणि किल्ली दिली असती. आता कुणाला सांगू? म्हणून सगळेच शुक्रवार भरून टाकले. एखादा तर लागेल."

खिशात नॉर्माच्या बोटांनी मला इतकं घट्ट धरलं की दात रुतले असतील.

"म्हणजे तू जिवंत आईसाठी जागा धरून ठेवलीस," ती शेवटी म्हणाली, "आणि ती तिथे बसून घेवडा सोलतेय."

"दर शुक्रवारी मी देवाचे आभार मानते की हॉल रिकामा आहे," ओफा म्हणाली, आणि रडायला लागली.

व्हरांड्यातून फिनाऊने हाक मारली. लेक का रडतेय ते तिला जाणून घ्यायचं होतं. ओफा टाळत होती, पण म्हातारी ऐकेना, तेव्हा तिने सांगून टाकलं. फिनाऊ इतकी हसली की तिला खोकला लागला. मग तिने फर्मान सोडलं, ते ओफाने डोळे पुसत सांगितलं. "ती म्हणतेय, मी मरेपर्यंत तो शुक्रवार माझा ना? मग मी तो नॉर्माला दिला. तिने गोळे खेळावेत. मी बघायला येईन. आणि मी मेले, की गोळे उचलायचे आणि निघायचं. कटकट चालणार नाही."

त्यानंतरचे शुक्रवार! चौकटीत नाव फिनाऊचं, आत खेळ नॉर्माचा. फिनाऊ खुर्चीत बसून आरोळ्या द्यायची आणि नॉर्माचा गोळा चुकला की टाळ्या पिटायची. ओफाचे भाऊबंद आले, हे दांडगे बाप्ये त्या चिमुकल्या गोळ्यांपुढे गुडघे टेकायचे. नॉर्मा त्यांना दटावायची, "हळू रे, हा गालिचा आहे, द्राक्षाचा मळा नव्हे!" दुपारचा व्हरांडा आणि घेवडाही पुन्हा सुरू झाला.

सगळे खूष होते, मी सोडून. आता मला दोन सवती झाल्या. नॉर्माचा जो हात खिशात माझ्यापाशी असायचा तो आता फिनाऊच्या खुर्चीवर असायचा. आणि दुसरी सवत? तिच्याकडे तर नॉर्मा चष्मा लावून, कर्स्टनने दिलेल्या काचेच्या चमकत्या पाटीवर बोट फिरवत रोज सकाळी बघायची. शुक्रवार लाल दिसला की म्हणायची, "आहे बाई. अजून आहे." आणि हसायची. त्या चौकटीकडे बघून हसायची! मी खिशात काळवंडले.

आणि मग त्या म्हाताऱ्यांनी सगळ्या गावाचा हिशेब चुकवला. फिनाऊ राहिली, आणि एका मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालता घालता नॉर्मा गेली. मी तिच्या खिशात होते. ती हळूच बसली, जशी दमल्यावर बसायची तशी. मला वाटलं, उठेल.

तिचा मुलगा ग्रॅहम पर्थहून आला. शांत, हातांचं काय करावं हे न कळणारा माणूस. अर्धा तास प्रार्थना, थोडे सँडविच, कीथशेजारी दफन, संध्याकाळचं विमान, एवढंच त्याच्या मनात होतं. कपडे द्यायला त्याने कपाट उघडलं, पण म्हणाला, "तो करडा स्वेटरच घाला. त्याच्याशिवाय ती आईच वाटणार नाही." खिसा कुणी तपासला नाही.

बाकीचं मला काल कळलं, ओफा शवपेटीशेजारी कर्स्टनला सांगत होती तेव्हा. याच आठवड्यात फिनाऊची तब्येत ढासळली होती. डॉक्टर म्हणाला होता, शुक्रवारपर्यंत टिकली तरी पुष्कळ. आणि तरीही नॉर्माची बातमी ऐकताच म्हातारी म्हणाली, "माझी रात्र तिला द्या."

"मी म्हटलं, आई, या आठवड्यात नको," ओफा सांगत होती. "तुला काही झालं तर मी तुला कुठे ठेवू? तर मलाच रागावली. म्हणाली, तिला गाणारं दुसरं कोण आहे? आणि डॉक्टरला सांग, मी शनिवारपर्यंत मरत नाही. मला कुणाची जागा अडवायची सवय नाही."

ख्रिसमसपर्यंतच्या लाल चौकटींतली ही शेवटची. कर्स्टनने मग आपल्या हाताने तिच्यातलं फिनाऊचं नाव पुसलं आणि तिथे नॉर्माचं लिहिलं. रंग लालच राहिला. मी इतकी वर्षं तिची, आणि तिची शेवटची रात्र सांभाळली ती सवतीने.

काल संध्याकाळी हॉल भरला. जमिनीवर चटया, चटयांवर झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, त्यावर पेटीत नॉर्मा. ओफाने कमरेला जुनी, फाटकी, भली मोठी चटई गुंडाळली होती. त्यांच्यात मेलेलं माणूस जितकं मोठं, तितकी आपली चटई वाईट. ग्रॅहमने विचारलं, "मी किती वेळ बसायचं?" ओफा म्हणाली, "बसा तर. वेळ आपोआप जाईल." आणि ते गायला लागले. इतक्या आवाजांचं ते गाणं, मी इतकी वर्षं उघडत आलेल्या दाराला कसं ऐकू येत असेल, असं मला वाटून गेलं. ग्रॅहम सकाळपर्यंत उठला नाही. मध्येच केव्हातरी रडला, तेव्हा कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाणं चालूच ठेवलं.

आता उजाडलंय. फिनाऊला खुर्चीतून आणलंय. ती अगदी जवळ आली, नॉर्माच्या स्वेटरचं बटण नीट केलं, आणि तिचा हात खिशावर थांबला. तिने मला बाहेर काढलं.

"अरेच्चा," ग्रॅहम म्हणाला, "ही हॉलची जुनी किल्ली. आता कशालाच लागत नाही. त्यांना आठवण म्हणून ठेवायची असेल तर ठेवू दे."

ओफाने आईला सांगितलं. माझा जीव टांगणीला लागला. फिनाऊने मला उजेडात धरलं, तळहातावर वजन केलं, मग वाकून परत नॉर्माच्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा थोपटलं. ती काय म्हणाली ते ओफाने सगळ्यांना सांगितलं. "आई म्हणतेय, लागेल. ती पुढे चाललीय ना, दार तिलाच उघडायचंय. मी मागून आले की मला बाहेर ताटकळायला नको."

आता झाकण बसवतील. कर्स्टनच्या पिशवीत फोन किणकिणला. सवतीनेच आठवण केली असणार, दहाला नाचाच्या मुली येतील.

बाई गं, जाता जाता तुझ्याशीच बोलते, कारण आता हे दार तुझं आहे. माझा तुझ्यावरचा राग गेला असं सांगणार नाही, गेलेला नाही. तू माझं कुलूप घेतलंस, माझा खिळा रिकामा केलास. पण या खिशात तू येऊ शकत नाहीस, एवढं मला पुरे आहे. एकच मागते, आणि मला कुणाकडे मागायची सवय नाही. त्या खुर्चीतल्या बाईने आपली रात्र देऊन टाकलीय आणि तिच्याजवळ दुसरी नाही. पुढच्या शुक्रवारी तिचं नाव पुन्हा लिही. ती आली, तर कुणी दोन आठवडे आधी सांगितलं होतं का म्हणून विचारू नकोस, नुसतं दार उघड. तेवढं केलंस, तर मी तुला सवत म्हणायचं सोडून देईन.